आधी रुग्ण, मग फिल्म

अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरील बाकावर बसलेल्या रुग्णांच्या हातात एक मोठे पाकीट हमखास दिसते. त्यात एमआरआयच्या फिल्म असतात आणि सोबतचा अहवाल बहुतेकांनी वाटेतच वाचलेला असतो. ‘गादी फुगलेली’, ‘झीज’, ‘नसेवर दाब’ हे शब्द वाचून कंबर आणखीच दुखू लागते. आत गेल्यावर डॉक्टरांनी ते पाकीट बाजूला ठेवले आणि ‘दुखणे कुठून सुरू होऊन कुठपर्यंत जाते?’ असे विचारले, की रुग्ण अस्वस्थ होतो. फिल्म तर अजून पाहिलीच नाही! वस्तुतः चांगल्या तपासणीची सुरुवात अशीच व्हावयास हवी.

याचे कारण १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कमरेचा एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती, तर २७ टक्क्यांमध्ये ती बाहेर डोकावत होती. सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज आढळली, आणि तक्रार मात्र कोणाचीच नव्हती. केस पांढरे होणे हा जसा आजार नव्हे, तसेच या झिजेचेही पुष्कळदा असते. म्हणून फिल्मवर दिसणारा दोष आणि रुग्णाचे दुखणे यांचा मेळ बसतो का, हे ठरविणे हेच तज्ज्ञाचे खरे काम होय.

हा मेळ हातांनी घातला जातो. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकविता पाय वर उचलला जातो. पाय थोडा वर जाताच मांडीमागून पोटरीखाली कळ गेली, तर नस दबल्याची शंका बळावते. मग पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलता येतो का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येते का, हे पाहतात. गुडघ्यावर व घोट्यामागे लहान हातोडीने ठोकून प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. यातली एकही गोष्ट दिखाऊ नाही. अंगठा उचलण्याची शक्ती मुख्यतः कमरेच्या पाचव्या नसेकडून येते, तर चवड्यावर उभे राहण्याची त्याखालच्या नसेकडून. फिल्मवर डावी नस दबलेली दिसत असेल आणि कळ उजव्या पायात असेल, तर त्या दुखण्याचा दोष डाव्या नसेवर ढकलता येत नाही. बूटमोजेही न उतरविता, केवळ फिल्म उजेडात धरून शस्त्रक्रियेची तारीख दिली जात असेल, तर रुग्णाने निःसंकोचपणे थांबावे.

डॉक्टरांच्या काही प्रश्नांचा कमरेशी संबंध नाही असे वाटते. संध्याकाळी कणकण येते का? वजन घटले आहे का? रात्री झोपेतून जाग येईल इतके दुखते का? आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि तो साधी पाठदुखी म्हणून महिनोन् महिने मालिशवर काढला जातो. वेळीच निदान झाले तर बहुतेकदा तो औषधांनी बरा होतो. पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याची घटना, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स हेही न विचारता सांगावे. अशा रुग्णाला एमआरआय लवकर लागतो. अन्यथा नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत पहिले काही आठवडे तो न काढणेच रास्त. दुखणे बहुधा तोवर ओसरू लागते.

एका प्रसंगी मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. लघवी अडकणे, तिच्यावरचा किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतले बळ झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. येथे काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो.

उरलेल्यांना संयमाचा सल्ला मिळतो. तो टाळाटाळ नव्हे. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना उपदेश १९८६ सालच्या एका अभ्यासाने मोडीत काढला. सात दिवसांऐवजी दोनच दिवस विश्रांती सांगितलेले रुग्ण लवकर कामावर रुजू झाले. पट्ट्याचेही तेच, वर्षानुवर्षे तो बांधून हिंडण्यात अर्थ नाही. आणि शस्त्रक्रिया? २००७ साली नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर झाली, दुसऱ्याला थांबविण्यात आले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली, बाकीच्यांचे तिच्यावाचून निभावले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. म्हणजे पायातले बळ जात नसेल, तर ‘आता की थोडे थांबून’ हा निर्णय रुग्णाची सहनशक्ती, नोकरी आणि घरची परिस्थिती पाहून घेता येतो, आणि त्यात रुग्णाचे मत निर्णायक असते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिने पायातली कळ जाईल की कंबरदुखी, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. गादीचा दाबणारा तुकडा काढल्यावर पायाची कळ बहुधा थांबते. कंबरेबद्दल तशी हमी देता येत नाही. बधिरपणा जाण्यास महिने लागतात, कधी तो थोडा राहतोही. नुसता तुकडा काढणार की स्क्रू घालून मणके जोडणार, आणि जोडणार असल्यास का, हाही प्रश्न खर्चाच्या आकड्याआधी यावा.

उत्तराने समाधान झाले नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यासाठी आधीच्या डॉक्टरांपासून काही लपविण्याची गरज नाही. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीतच नमूद आहे. नव्या डॉक्टरांकडे जाताना सैल कपडे घालावेत, चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, बरोबर ठेवावी, आणि पाकीट मागितल्यावरच पुढे करावे.