शोधनिबंधांतले हरवलेले पुरावे

वैद्यकीय शोधनिबंधाचा सगळ्यांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे शेवटची संदर्भसूची. पण निबंधाचा सारा डोलारा तिच्यावरच उभा असतो. औषधाची मात्रा, रोगाचं प्रमाण, उपचारांचे निकष कुठून घेतले, हे तिथंच पडताळता येतं. या सूचीत आता संकेतस्थळांचे पत्तेही असतात. सोबत ‘अमुक तारखेला पाहिले’ अशी नोंद. मात्र काही वर्षांनी तो पत्ता उघडावा, तर बरेचदा समोर येतं : ‘४०४ – पान सापडले नाही’.

हा प्रकार नवा नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, ‘जामा’ आणि ‘सायन्स’ या मातब्बर नियतकालिकांतल्या लिंकची २००३मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आहे. निबंध छापून तीन महिने झाले तेव्हा ३.८ टक्के लिंक बंद होत्या; सव्वादोन वर्षांनी १३ टक्के. पुढे २०१४मध्ये ३५ लाख वैज्ञानिक निबंधांचा अभ्यास आला. वेबचे संदर्भ देणाऱ्या दर दहापैकी सात निबंधांमध्ये मूळ संदर्भ पुन्हा जसाच्या तसा पाहता येईल, याची शाश्वती उरली नव्हती.

पानं गायब का होतात? खात्याचं नाव बदलतं, संकेतस्थळाची नव्यानं मांडणी होते, प्रकल्पाचा निधी संपतो. अमेरिकेत उपचारांच्या मार्गदर्शक सूचना एकत्र ठेवणारं ‘नॅशनल गाइडलाइन क्लिअरिंगहाउस’ हे सरकारी संकेतस्थळ निधीअभावी १६ जुलै २०१८ रोजी बंद झालं. त्याचा हवाला देणारे निबंध मात्र आजही वाचले जातात.

याहून घातक प्रकार म्हणजे पत्ता तोच, पण मजकूर बदललेला. करोनाकाळात प्लाझ्मा उपचार आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये होता. मे २०२१मध्ये तो वगळला गेला. त्याआधीच्या निबंधात नेहमी ताजी सूचनाच दाखवणारी लिंक दिली असेल, तर आज ती उघडणाऱ्याला प्लाझ्माचा उल्लेखच दिसणार नाही. लेखकानं चुकीचा आधार दिला, असा त्याचा समज होईल. बंद लिंक निदान कळते तरी. बदललेलं पान बेमालूम फसवतं.

छापील निबंधांसाठी २०००पासून डीओआय हा कायमचा क्रमांक रुळला. सरकारी पानं, अहवाल, आकडेवारीचे तक्ते यांना बहुतेकदा असा क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी इंटरनेट अर्काइव्हचं ‘वेबॅक मशीन’ आहे. तिथं पानाचा पत्ता टाकून ‘सेव्ह’ केलं, की बहुतेक पानांची त्या दिवशीची प्रत तारखेसह जपली जाते. मूळ पत्त्याशेजारी या प्रतीचा पत्ता दिला, की काम झालं. पण एकाच संग्रहावर विसंबणंही बरं नव्हे. संशोधकांसाठीच सुरू झालेल्या ‘वेबसाइट’ (WebCite) या संग्रहसेवेनं पुढे नवी पानं घेणं थांबवलं. म्हणून पीडीएफ प्रत निबंधाच्या पुरवणीत जोडणं किंवा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवणंही गरजेचं.

सातबारा न पाहता आपण जमिनीचा व्यवहार करत नाही. मग रुग्णाच्या उपचारांचा आधार न पाहता कसा मानायचा? एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकानं पहिल्याच दिवशी प्रत जपण्याची सवय लावावी. संपादकांनी जतन केलेल्या प्रतीशिवाय वेबचा संदर्भ स्वीकारूच नये. लेखकाची दोन मिनिटं जातील, पण दहा वर्षांनी तो निबंध पडताळणाऱ्या डॉक्टरच्या हाती पुरावा असेल.