व्यावसायिक स्त्री-गोल्फची पायाभरणी : १९५० चा हंगाम

क्रीडाव्यवसाय केवळ कौशल्यावर उभा राहत नाही. त्यास नियम, पारितोषिके व सामन्यांचे सातत्य यांचा आधार लागतो. अमेरिकेतील स्त्रियांच्या गोल्फला हा आधार खेळाडूंनी स्वतःच निर्माण केला. १९४४ साली स्थापन झालेली त्यांची पहिली संघटना अल्पायुषी ठरली. तेव्हा १९५० साली तेरा खेळाडूंनी ‘लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन’ स्थापिली. पॅटी बर्ग तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मैदानाची सिद्धता, नियमांचा निर्णय, पत्रव्यवहार इत्यादी कामे खेळाडूच वाटून घेत. क्रीडासाहित्याच्या उत्पादकांचे द्रव्यसाहाय्य हाही या व्यवस्थेचा एक प्रमुख आधार होता.

त्या हंगामावर बेब झहारियस यांचे निर्विवाद वर्चस्व होते. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविलेल्या या खेळाडूने टायटलहोल्डर्स, वेस्टर्न ओपन व अमेरिकन ओपन या तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. तरीही त्यांची वर्षाची पारितोषिक-प्राप्ती सुमारे १४,८०० डॉलर होती, आणि तीच सर्वाधिक होय. प्रेक्षक मुख्यतः त्यांच्या कीर्तीमुळे येत. साहजिकच, एका व्यक्तीवर विसंबलेली संस्था टिकेल काय, हा प्रश्न होता.

याचे उत्तर विचिटा येथील अमेरिकन ओपनच्या निकालात बीजरूपाने आढळते. झहारियस यांच्यामागे नऊ फटक्यांनी दुसऱ्या आलेल्या बेट्सी रॉल्स हौशी असल्याने द्रव्य-पारितोषिकास अपात्र होत्या. १९५१ मध्ये त्या व्यावसायिक झाल्या, त्याच वर्षी ही स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पुढे संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. १९५६ साली झहारियस निवर्तल्या. संस्था मात्र टिकली. नव्या खेळाडूस हौशीपण सोडण्याजोगे क्षेत्र निर्माण करणे, हेच १९५० च्या हंगामाचे खरे फलित होय.