हवा वसंताची, पाणी हिवाळ्याचे

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक निवृत्त शिक्षक सपत्नीक दवाखान्यात आले. वय ६९. मुलगा बॉस्टनला असतो. एप्रिलमध्ये उभयता सहा महिन्यांसाठी तिकडे निघायचे होते. मुलाने कळवले होते की, हिवाळा सरला की चार्ल्स नदीवर कयाकिंग सुरू होते, पहिल्याच रविवारी आपण जाऊ. सर कृष्णाकाठचे, पट्टीचे पोहणारे. त्यांना मनापासून जायचे होते. बाई मात्र म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्हीच समजवा यांना. अँजिओप्लास्टीला अजून चार वर्षेही झाली नाहीत.’’

मी सरांना सांगितले, ‘‘अवश्य जा, पण पहिल्या रविवारी नको.’’ असे का, हे आपणही जाणून घ्यावे. कारण मुलांकडे परदेशी जाणाऱ्या अनेक आईवडिलांपुढे हा प्रश्न येतो.

वसंतात हवा चार दिवसांत उबदार होते, पाण्याला मात्र तापायला कित्येक आठवडे लागतात. बाहेर २० अंशांचे सुखद ऊन असताना तिथल्या नदी-तळ्यांचे पाणी १५ अंशांच्या खाली असू शकते. आपल्याकडच्या विहिरीचे पाणी २५ अंशांच्या आसपास असते. आपला पोहण्याचा आत्मविश्वास त्या पाण्यातला आहे. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, तेथे १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कयाक चालवणाऱ्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगावर घालणे कायद्याने बंधनकारक आहे. झाडांना पालवी फुटली तरी पाण्याचा हिवाळा संपलेला नसतो, हे त्या कायद्यानेही जाणले आहे.

अशा पाण्यात अचानक पडल्यास पहिला धोका बुडण्याच्याही आधी येतो. त्वचा एकदम गार पडताच मनुष्य नकळत मोठा श्वास ओढतो आणि धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसांत शिरते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब आणि नाडी झपाट्याने वाढते. चेहरा पाण्यात बुडाला की हृदय मंदावणारी उलटी प्रतिक्रियाही सुरू होते. या ओढाताणीत हृदयाची लय बिघडू शकते. आधीच आजारी असलेल्या हृदयाला हा ताण पेलणे अधिक कठीण.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रा. गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी यासाठी ‘१-१०-१’ असे सूत्र मांडले आहे. श्वास ताळ्यावर आणण्यासाठी १ मिनिट. हातपाय उपयोगी पडतील अशी १० मिनिटे. शरीर गारठून शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. हे ढोबळ मान आहे. उतारवयात अवधी याहून कमी मिळेल असेच धरून चालावे. दहा मिनिटांनी बोटे आणि दंड साथ सोडतात, तेव्हा पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

मग ज्येष्ठांनी काठावरच बसावे काय? मुळीच नाही. वल्हवण्याने खांदे, पाठ, तोल आणि मन या सर्वांनाच चालना मिळते. मात्र आधी स्वतःला तपासावे. कयाकमधील बैठक जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असते. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते का? दोन्ही हात डोक्यावर सहज जातात का? अर्धा तास भरभर चालताना छाती भरून येत नाही ना? हृदयविकार, पेसमेकर, रक्त पातळ करणारी औषधे किंवा इन्सुलिन सुरू असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना माझे सांगणे असे: जूनअखेरपर्यंत थांबा. दोघांची, रुंद बुडाची कयाक घ्या. अनुभवी माणूस मागे बसवा. लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळा. कपडे हवेकडे पाहून नव्हे, पाण्यात हात घालून ठरवा. भिजलेला सुती कपडा ऊब देत नाही. पाणी गार असेल तर वेटसूट हवाच. वारा असल्यास बेत पुढे ढकला. काठाकाठाने अर्धा तास पुरे. जिभेखाली ठेवण्याची गोळी, साखर आणि फोन जलरोधक पिशवीत जवळ असू द्या.

पाण्यात पडल्यास पहिले मिनिट कयाकला धरून केवळ श्वास सावरावा, पोहण्याची धडपड करू नये. बाहेर काढल्यावर माणसाला आडवे ठेवून ओले कपडे उतरवा, कोरडे करून पांघरुणात गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असल्यास कोमट गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, मद्य तर नकोच. छातीत दुखत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा ग्लानी येत असेल, तर तत्काळ तिथल्या ९११ क्रमांकावर फोन करा.

जूनच्या शेवटी सरांचा फोन आला. मुलगा मागे, ते पुढे, असे अर्धा तास वल्हवून आले होते. आवाजात आनंद मावत नव्हता. शेवटी म्हणाले, ‘‘डॉक्टर, पाण्यात हात घालून पाहिला. अजून गारच आहे हो! एप्रिलमध्ये काय असेल?’’

आपणही निघण्यापूर्वी हात घालून पाहावा.