जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही
हिंगोली-वसमतकडे माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढून नव्या टीव्हीला जोडला आणि चित्र काळं-पांढरं आलं, तर गेम बिघडला असं लगेच समजू नका. केबलच्या पिवळ्या पिनेतून सगळं चित्र येतं; पांढरी आणि लाल पिन आवाजाची. बऱ्याच टीव्हींवर ‘एव्ही’ आणि ‘कंपोनंट’ यांचं एक सॉकेट सामाईक असतं आणि चुकून ‘कंपोनंट’ निवडलं की रंग जातो, म्हणून टीव्हीच्या इनपुटमध्ये ‘एव्ही’च निवडा. तरीही रंग येत नसेल, तर गेमची आणि टीव्हीची चित्राची पद्धत जुळते का ते तपासा. आपल्याकडची पाल: 625 रेषा, पडदा सेकंदाला 50 वेळा रेखाटला जातो. अमेरिका-जपानची एनटीएससी: 525 रेषा, सुमारे 60 वेळा. प्लेस्टेशन 2 ला कंपोनंट केबल लावल्यावर चित्र हिरवट दिसलं, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘आरजीबी’ काढून दुसरा पर्याय ठेवा.