जुन्या मैफलींचें जतन व रसिकांची आशा

मनुष्यानें निर्माण केलेल्या कलांत संगीताइतकी क्षणभंगुर कला दुसरी क्वचितच सांपडेल. चित्र भिंतीवर राहतें, कवीचे शब्द कागदावर राहतात. परंतु गवयाच्या कंठांतून निघालेला स्वर निघतांच विरून जातो. आज खिशांतील मोबाइलमधून वाटेल तें गाणें ऐकावयास मिळतें, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानांत येत नाहीं. आणखीहि एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं. ती ही कीं, जें ध्वनिमुद्रित झालें तें सारें आपल्या कानीं आलेलें नाहीं. कित्येक मैफली टेपवर उतरूनहि कोणाच्या तरी कपाटांत पडून आहेत, आणि त्या कधीं तरी प्रसिद्ध होतील या आशेवर जगभरचे रसिक वाट पाहत आहेत. ही आशा कशाची, तिच्या मार्गांत अडचणी कोणत्या, आणि आमच्या जळगांव-धुळ्याच्या घरांचा तिच्याशीं संबंध काय, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

ही आशा ज्यांच्या ठिकाणीं विशेष बळावलेली दिसते ते जॅझ संगीताचे चाहते होत. जॅझ हें नांव आमच्या पुष्कळ वाचकांस परकें वाटेल. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं, ज्यांचे वाडवडील गुलामगिरींत खितपत पडले होते अशा आफ्रिकी वंशाच्या लोकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या संगीतास रूप दिलें. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो व ड्रम हीं त्याचीं मुख्य वाद्यें. यांपैकीं पहिलीं दोन तर आपल्याकडील लग्नाच्या वरातींत बँडवाल्यांच्या हातीं सर्वांनीं पाहिलीं असतील. या संगीताचा प्राण म्हणजे आयत्या वेळीं केलेली रचना. आपला ख्यालगायक बंदिशीचा मुखडा पकडून रागाचा विस्तार जसा दरवेळीं नव्यानें करतो, तसाच जॅझचा वादक ठराविक चाल घेऊन तिजवर दर रात्रीं नवी इमारत उभी करतो. सोमवारचें वादन मंगळवारीं पुन्हां होत नाहीं. म्हणून एकाच वादकाच्या दहा रात्रींच्या दहा टेप असल्या तर त्या दहा निरनिराळ्या कृति होत, एकाच कृतीच्या दहा प्रती नव्हेत.

यास जोडूनच दुसरें कारण आहे. पूर्वीची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर सुमारें तीन-साडेतीन मिनिटांचेंच गाणें मावे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांनीं गाणें मुद्रित करविलें तेव्हांपासून कित्येक वर्षें आपल्या थोर गवयांनाहि तासाभराचा राग या तीन मिनिटांच्या डबींत कोंबावा लागला. अधिक वेळ चालणारी तबकडी १९४८ सालीं निघाली. म्हणून त्यापूर्वीच्या कलावंतांचें खरें सामर्थ्य तबकडीवरून कळत नाहीं. तें मैफलींतच प्रकट होत असे. मैफलीच्या मुद्रणासाठीं रसिक इतके आतुर कां, याचें उत्तर येथें मिळतें.

जॅझचा आपल्या प्रांताशीं संबंध नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णी अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. पुढें टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले, आणि त्यांच्या जोडीस गोव्याचे तरुण वाजवूं लागले. हे तरुण ऐनवेळीं तयार कोठून झाले? गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचणें व व्हायोलिन वाजविणें शिकविलें जात असे. प्रार्थनेच्या वेळीं साथ व्हावी म्हणून दिलेलें हें शिक्षण पुढें शेंकडों कुटुंबांच्या पोटापाण्याचें साधन झालें. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्यें १९३९ पासून १९६० पर्यंत वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रम्पेटसाठीं प्रसिद्धीस आले. पुणतांब्यास जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांनीं साहाय्य केलें, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत ते आपल्या बँडसह पडद्यावरहि दिसतात. जॅझ आपण ऐकलें नाहीं असें म्हणणाऱ्या पालकांच्या कानांत तें या वाटेनें केव्हांच शिरलें आहे.

परंतु ताजच्या त्या रात्रींचें वादन कसें होतें, याची कल्पना चित्रपटांतील दोन मिनिटांच्या तुकड्यावरून येत नाहीं. पुढें १९७८ सालीं निरंजन जव्हेरी यांच्या पुढाकारानें मुंबईंत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला, व पहिल्याच वर्षीं सॉनी रोलिन्ससारखा जगविख्यात सॅक्सोफोनवादक तेथें वाजवून गेला. अशा रात्रींचें जें कांहीं टेपवर उरलें असेल तें शोधून, स्वच्छ करून, नीट माहितीसह प्रसिद्ध व्हावें, अशी चाहत्यांची इच्छा आहे.

ही इच्छा केवळ मनोराज्य नव्हे, हें परदेशांतील उदाहरणांवरून दिसतें. २९ नोव्हेंबर १९५७ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें पियानोवादक थेलोनिअस मंक व सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनीं एकत्र वाजविलें होतें. अमेरिकेच्या सरकारी नभोवाणीनें त्याचें मुद्रण केलें, आणि तें वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जाऊन पडलें. २००५ सालीं जुन्या टेपांच्या नव्या प्रती काढण्याचें काम चालू असतां तेथील एका जाणत्या कर्मचाऱ्याच्या नजरेस ती टेप आली, आणि त्याच वर्षीं ती प्रसिद्ध झाली. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षें ती सुरक्षित होती, परंतु कोणास ठाऊक नव्हती! याच कोल्ट्रेननें १९६१ सालीं ‘व्हिलेज गेट’ या ठिकाणीं केलेलें वादन एका तंत्रज्ञानें नवी ध्वनियंत्रणा तपासून पाहण्यासाठीं एकाच मायक्रोफोनवर टिपलें होतें. तें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत सांपडलें व २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्याशीं नातें सांगणारें उदाहरणहि आहे. १९३६ सालीं मुंबईंत जन्मलेले गिटारवादक अमान्सियु डिसिल्व्हा यांनीं लंडन येथें १९७२ सालीं ‘कोंकण डान्स’ ही कृति मुद्रित केली. ती मैफलीची टेप नव्हती, तरी तिचें दैव तसेंच निघालें. लोकांच्या हातीं ती २००६ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं पडली.

आतां उलट बाजूहि पाहिली पाहिजे. गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) हे बालगंधर्वांचे गुरु. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्या. परंतु त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एकहि ध्वनिमुद्रिका नाहीं. त्यांच्याविषयीं जें उरलें तें शिष्यांच्या गळ्यांत व ऐकणारांच्या आठवणींत. बालगंधर्वांचा जळगांवशीं लहानपणापासून संबंध. त्यांच्या नांवानें येथें संगीत महोत्सवहि होतो. पण त्या व्यासपीठासमोर बसलेल्या श्रोत्यास बालगंधर्वांच्या गुरूचा आवाज कसा होता हें विचारलें, तर त्यास कोणतेंहि यंत्र उत्तर देऊं शकणार नाहीं. जें मुद्रितच झालें नाहीं तें शोधून मिळत नाहीं; आणि मुद्रित होऊन कुजलें तेंहि मिळत नाहीं. पहिली हानि आपल्या हातीं नव्हती, दुसरी आहे.

टेप कुजते म्हणजे काय, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. टेप ही प्लॅस्टिकची अरुंद पट्टी असून तिजवर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड एका चिकट द्रव्यानें बसविलेली असते. ध्वनीच्या लहरींप्रमाणें त्या कणांस चुंबकत्व येतें, आणि तेंच मुद्रण होय. चिकट द्रव्य वर्षानुवर्षें हवेंतील ओलावा शोषून घेतें व टेप चिकट होते. ती तशीच वाजविली तर पूड यंत्राच्या तोंडास लागून निघून येते, आणि पुडीबरोबर गाणेंहि जातें. जाणते लोक अशी टेप सुमारें ५० अंश उष्णतेवर कांहीं तास मंदपणें शेंकतात, ओलावा घालवितात, व लगेच वाजवून तिची संगणकावर प्रत करतात. जुन्या प्रकारच्या कांहीं टेपांना शिरक्यासारखा वास येऊं लागतो. तें त्यांचें पट्टीरूप शरीरच झिजत असल्याचें लक्षण. शिवाय मूळ यंत्राचा वेग थोडा चुकला असेल तर स्वर वर किंवा खालीं जातो. गवई कोणत्या पट्टींत गात असे हें ठाऊक असल्यास तंबोऱ्याच्या षड्जावरून वेग दुरुस्त करतां येतो. खरखर काढतांनाहि तारतम्य लागतें; फाजील सफाई केली तर खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीहि नाहींशी होते.

यंत्राची अडचण दूर झाली तरी परवानगीची राहते. ज्याच्या कपाटांत टेप तो गाण्याचा मालक, हा समज चुकीचा आहे. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षें राहतो. कलावंताचा स्वतःच्या प्रयोगावरील हक्क प्रयोगाच्या पुढील वर्षापासून पन्नास वर्षें राहतो. रचना दुसऱ्याची असल्यास तिच्या कर्त्याचा हक्क त्याच्या आयुष्यभर व नंतर साठ वर्षें चालतो. साथीचा तबलजी व पेटीवाला हेहि कलावंतच. त्यांस विसरून चालत नाहीं. म्हणून एका रात्रीच्या मैफलीसाठीं चार-पांच घरांची संमति मिळवावी लागते, आणि घेणारे श्रोते थोडे असल्यानें हा खटाटोप करण्यास प्रकाशक कचरतात. रसिकांची आशा वर्षानुवर्षें लांबणीवर पडते ती बहुधा येथें.

कायद्याच्या पलीकडे सदसद्विवेकाचाहि प्रश्न आहे. गोव्याच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) आपल्या मैफलीचें मुद्रण कोणीं करूं नये याविषयीं फार दक्ष असत. १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडींत भारताच्या वतीनें घेतलेलें गाणें त्यांचेंच. पण तें त्यांनीं स्वतः मुद्रित करूं दिलेलें होतें. मग एखाद्यानें त्यांच्या इच्छेविरुद्ध चोरून केलेली टेप निघाली तर ती प्रसिद्ध करावी काय? विद्येची हानि होऊं नये असें एक मन म्हणतें. कलावंताचा शब्द मोडूं नये असें दुसरें म्हणतें. आमचें मत असें कीं, अशी टेप जतन जरूर करावी, अभ्यासकास ऐकूं द्यावी, परंतु बाजारांत आणण्यापूर्वीं वारसांचें मन जाणून घ्यावें. जतन करणें व प्रसिद्ध करणें हीं दोन कर्तव्यें निराळीं आहेत. दुसरें अडलें म्हणून पहिलें टाळूं नये.

जतनाच्या कामीं खानदेशास धडा बाहेरून घेण्याचें कारण नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळवीत, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या त्यांच्या ग्रंथमालेचे बावीस खंड झाले. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यांतच त्यांचा संग्रह सांभाळीत आलें आहे. माळ्यावरचे कागद रद्दी समजून वाण्याच्या पुडीस गेले असते तर तो इतिहास कोणीं लिहिला असता? जळगांवच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहितां येत नव्हतें. घरच्यांनीं त्यांच्या ओव्या उतरून ठेविल्या, म्हणून १९५२ सालीं पुस्तक निघूं शकलें. शब्द वांचले, जात्यावर बसून त्या कोणत्या चालीनें म्हणत, हें मात्र कागद सांगूं शकत नाहीं.

आतां पालकांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. कॅसेट १९६३ सालीं निघाली, व पुढें आपल्याकडे घरोघर शिरली. कोणाच्या घरीं गणेशोत्सवांतील गाण्याची, कोणाकडे कीर्तनाची, कोणाकडे आजीच्या अहिराणी गाण्यांची कॅसेट असेल. पत्र्याच्या छपराखालीं लोखंडी पेटींत ती ठेवूं नये. जळगांवचा पारा उन्हाळ्यांत ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें माणूस टिकत नाहीं तर टेप काय टिकणार! थंड, कोरड्या जागीं, उभी, आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवावी. बिघडलेल्या यंत्रावर वाजवून पाहूं नये. जाणकाराकडून प्रत करून ती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गाणारा कोण, साथीस कोण, गांव कोणतें, साल कोणतें, ही माहिती घरांतील वडीलधारीं माणसें हयात आहेत तोंवर लिहून घ्यावी. कार्नेगी हॉलची टेप अठ्ठेचाळीस वर्षें दडून राहिली ती तिच्यावरची नोंद त्रोटक होती म्हणून.

या सुटींत विद्यार्थ्यांनीं आपापल्या घरच्या, व शेजाऱ्यांच्या संमतीनें त्यांच्याहि, जुन्या टेपांची यादी वहींत करावी. त्यांपैकीं बहुतेकांचें मोल घरापुरतेंच असेल; पण एखादीचें मोल सर्वांसाठीं असणें अगदीं शक्य आहे, आणि ती कोणती हें यादी केल्यावांचून कळणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं दहा जणांच्या हातून एवढें काम झालें तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.