परसबागेत अनोळखी रोप उगवलं तर?



पहिल्या दोन पावसांनंतर परसात न पेरलेली पुष्कळ रोपं वर येतात. काही शेणखतातून येतात, काही पाखरांच्या विष्ठेतून, तर काही विकत आणलेल्या रोपाच्या मातीतून. त्यातलं सगळंच तण वाईट नसतं. तांदुळजा, घोळ, टाकळा, चाकवत या तर फुकटच्या भाज्या. पण त्यांच्याच शेजारी विषारी रोपही उभं असू शकतं. म्हणून ओळख पटल्याशिवाय कोणताही नवा पाला भाजीत घालायचा नाही आणि जनावरांपुढेही टाकायचा नाही, हा पहिला नियम.

रोप कसं पाहावं?

१. पानं: देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? कड सरळ की कातरलेली? एकच पान की अनेक पर्णिकांचं?
२. खोड: गोल की चौकोनी? काटे किंवा लव आहे का?
३. चीक: काडी मोडून पाहा. पांढरा की पिवळा चीक येतो? डोळ्यांना बोट लावू नका, हात साबणाने धुवा.
४. फूल आणि फळ: खरी ओळख इथेच पटते. म्हणून एक-दोन रोपं फुलावर येईतो राखा, मात्र मुलंबाळं आणि गुरं पोचणार नाहीत अशा जागी. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

फसवणाऱ्या जोड्या

घोळ आणि नायटी: दोन्ही जमिनीलगत पसरतात. घोळीची पानं जाड, रसाळ असतात आणि काडी मोडली तर पाण्यासारखा रस येतो. नायटीतून दुधासारखा पांढरा चीक येतो. चीक दिसला की ते भाजीत नको.

टाकळा आणि कासुंदा: टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर. कासुंद्याला चार-पाच जोड्या, टोकं निमुळती. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, तर कासुंद्याची चपटी. कासुंद्याच्या बिया मुलांना घातक आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध या बियांशी असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात दाखवलं गेलं. तेव्हा शेंगा धरण्याआधीच ते उपटा.

वांगं आणि धोत्रा: लहानपणी दोन्ही रोपं सारखी वाटतात. धोत्र्याचं पान चुरगळलं की उग्र दर्प येतो, फूल कर्ण्यासारखं आणि फळ काटेरी. बिया पोटात गेल्यास तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. घरगुती उपाय करत बसू नका. रोगी आणि सोबत त्या झाडाची फांदी, दोन्ही घेऊन लगेच दवाखाना गाठा. फांदी पाहिली की डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.

पिवळा धोत्रा: काटेरी पानं, पांढरट शिरा, पिवळं फूल, पिवळा चीक. याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि जलशोफाच्या साथीत माणसं दगावली. परसात मोहरी लावत असाल तर हे झाड ठेवू नका.

गाजर गवत: पान गाजराच्या पानासारखं, फुलं बारीक पांढरी. पुण्यात १९५५ साली दिसलेलं हे गवत पुढे देशभर पसरलं. एक झाड हजारो बिया टाकतं, आणि अनेकांना त्याने अंगावर खाज, पुरळ व दमा होतो. फुलण्याआधी, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, मुळासकट उपटा. फुलावर आलेलं झाड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

ओळख पटत नसेल तर?

मूळ, पान, फूल, फळ असं सगळं असलेलं एक झाड वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा आणि वर वजन ठेवा. कागदावर गाव, तारीख, जागा आणि फुलाचा ताजा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग जातो. मोबाईल असेल तर झाडाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि फुलाचा जवळून फोटो घ्या. नमुना आणि फोटो आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा. शेजारच्या जुन्याजाणत्या आजींनाही विचारा. रानभाज्यांची माहिती त्यांच्याकडे भरपूर असते. मात्र एकाच झाडाला गावोगावी वेगळं नाव असतं, आणि एकाच नावाची दोन झाडंही असतात. तेव्हा नावावर जाऊ नका, झाड समोर ठेवूनच विचारा.

उपटायला एक क्षण पुरतो, पण पोटात गेलेलं परत काढता येत नाही. म्हणून आधी ओळख, मग विळी.