केपचा किनारा : आधीं महिना, मग मार्ग

प्रवासाचा बेत आंखतांना बहुतेक कुटुंबें प्रथम मुलांची सुटी पाहतात, मग खर्चाचा अंदाज घेतात आणि शेवटीं नकाशा उघडतात. दक्षिण आफ्रिकेच्या केपकिनाऱ्यावर जाणाऱ्यानें मात्र सर्वांआधीं तेथील ऋतुमान पाहिलें पाहिजे. वाळूचे किनारे, वन्य प्राणी, द्राक्षांचे मळे आणि समुद्रकांठचे रम्य रस्ते हीं सारीं सुखें तेथें आहेत; परंतु तीं एकाच महिन्यांत हातीं लागत नाहींत. वर्षानुवर्षें शिल्लक टाकून ज्या कुटुंबानें हा एकच प्रवास योजिला, त्याला ही गोष्ट तेथें पोहोंचल्यावर कळली तर फार महागांत पडते.

हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. भारतांत मे महिन्याची सुटी लागते, तेव्हां केपटाऊनला थंडीचा व पावसाचा काळ तोंडाशीं आलेला असतो. त्या सुटींत समुद्रस्नानाची आशा धरूं नये.

दिवाळीची सुटी देवमाशांसाठीं उत्तम. जून ते नोव्हेंबर या काळांत ते पिलांना जन्म देण्यासाठीं या किनाऱ्याशीं येतात, आणि हर्मानस गांवच्या कड्यावरून नुसत्या डोळ्यांनींही दिसतात. सायमन्सटाऊनजवळचे पेंग्विन पक्षी बारमास आढळतात. २०२४ सालीं त्यांची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. म्हणून त्यांना आंखून दिलेल्या वाटेवरूनच पाहावें.

स्नानाची हौस असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. परंतु केपटाऊनच्या पश्चिमेस बेंग्वेला हा शीत प्रवाह असल्यामुळें भर उन्हाळ्यांतही तेथील पाणी गारठवितें. पूर्वेकडे मॉसेल बेच्या बाजूस अगुल्हास या उष्ण प्रवाहामुळें तें पुष्कळ सुसह्य असतें. कालिकतला पोहोंचण्यापूर्वीं वास्को द गामा १४९७ सालीं याच उपसागरांत थांबला होता. नाताळांत तेथील शाळांनाही सुटी असते. म्हणून राहण्याची सोय फार आधीं करावी.

द्राक्षांची तोडणी मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्यें होते. केपमध्यें पहिलें मद्य १६५९ सालीं तयार झालें. पुढें तेथील मळ्यांवर राबलेल्या गुलामांत बंगाल व मलबार येथून नेलेले हिंदी लोकही होते. स्टेलेनबॉशचे सुंदर मळे पाहतांना याचें विस्मरण होऊं नये.

वाहनें तेथेंही डाव्या बाजूनेंच चालतात. चॅपमन्स पीक हा १९२२ सालीं खुला झालेला ९ किलोमीटरांचा रस्ता कड्यांत कोरलेला आहे. दरड कोसळण्याचें भय असल्यास तो बंद ठेवतात. अशा वळणांच्या मुलखांत मद्याची चव घेणाऱ्यानें त्या दिवशीं चक्रास हात लावूं नये. केपटाऊनहून स्टॉर्म्स नदीपर्यंत सुमारें ६०० किलोमीटर अंतर आहे. परतीसह त्यास दहा दिवस तरी द्यावे.

तेव्हां घरांतील मंडळींनीं एकत्र बसून कोणतें सुख मुख्य, तें प्रथम ठरवावें. त्यावरून महिना ठरतो, महिन्यावरून मार्ग. तिकिटें त्यानंतर काढावीं.